छायाचित्रांतला दाणा व काट्यावरला दाणा

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं आपल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पुष्कळ घरीं भाताचें बियाणें मिठाच्या पाण्यांत टाकून पारखलें जातें. 10 लिटर पाणी, त्यांत 300 ग्रॅम मीठ, आणि वरून ओतलेलें बियाणें. जो दाणा तळाशीं बसला तो पेरणीचा. जो तरंगला तो काढून टाकावयाचा. हें करतांना एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. तरंगलेला दाणा व बुडालेला दाणा शेजारीं शेजारीं ठेवले तर वरून पाहणाऱ्यास दोहोंत फारसा फरक दिसत नाहीं. टरफल तेंच, लांबी तीच, रुंदी तीच. फरक आहे तो आंत. आणि आंतलें डोळ्यास दिसत नाहीं, पाण्यास मात्र कळतें. आज जो विषय आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों तो या मिठाच्या पाण्यांत बराचसा आलेला आहे.

अलीकडे धान्याचें छायाचित्र काढून त्यावरून प्रतवारी ठरविणारीं यंत्रें व मोबाईलमधील ॲप निघालीं आहेत. दाणे पाट्यावर पसरावे, वरून एक फोटो घ्यावा, आणि क्षणभरांत पडद्यावर अखंड किती, तुटके किती, रंग बदललेले किती, आकसलेले किती, असा टक्क्यांचा तक्ता यावा, अशी ही योजना आहे. आम्ही या यंत्रांचे शत्रु नाहीं. माणसाच्या डोळ्यास थकवा येतो, लोभ सुटतो, व ओळखीचा मनुष्य समोर उभा राहिला म्हणजे तोच डोळा मऊ होतो. यंत्रास यांतलें कांहींच होत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. तक्त्यावरील टक्के हे कशाचे टक्के? दाण्यांच्या संख्येचे, चित्रांत व्यापलेल्या जागेचे, कीं वजनाचे? हें विचारल्यावांचून तो तक्ता मान्य करणें म्हणजे सातबारा न वाचतां जमीन खरेदी करण्यासारखें आहे, असें आमचें मत आहे.

गेल्या हंगामांतील एक प्रकार सांगतों. मुरबाडकडील आमचे एक जुने स्नेही आपलें भात एका खाजगी व्यापाऱ्याकडे घेऊन गेले. तेथें मोबाईलवर नमुन्याचें छायाचित्र घेण्यांत आलें. 1000 दाण्यांपैकीं 50 दाणे आकसलेले, म्हणजे शेंकडा 5, असा निकाल निघाला. सरकारी खरेदीच्या नियमांत अपक्व व आकसलेल्या दाण्यांची मर्यादा शेंकडा 3 आहे. तिचा दाखला देऊन व्यापाऱ्यानें दर पाडला. गाडीभाडें भरून आणलेला माल परत न्यावयाचा कसा, म्हणून स्नेह्यांनीं तो देऊन टाकला, आणि उरलेला नमुना पिशवींत घेऊन ते तसेच आमच्याकडे आले. ओट्यावर पिशवी ठेवून म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही जन्मभर आंकडे लिहिलेत. हा आंकडा खरा कीं खोटा, तेवढें सांगा."

आंकडा खोटा नव्हता. आम्ही दोघांनीं त्या पिशवींतील 1000 दाणे वेगळे काढले, एकेक बोटांत धरून दाबून पाहिला, तों खरोखरच 50 दाणे हलके निघाले. मग ते दोन पुड्यांत बांधून ओळखीच्या सोनाराकडे नेले व त्याच्या काट्यावर तोलले. भरीव 950 दाण्यांचें वजन 22.8 ग्रॅम भरलें. आकसलेल्या 50 दाण्यांचें अवघें अर्धा ग्रॅम. एकूण 23.3 ग्रॅमांत अर्धा ग्रॅम म्हणजे शेंकडा 2 पेक्षां किंचित् अधिक. नियमांतील 3 टक्के हे वजनाचे टक्के आहेत. येणेंप्रमाणें तोच नमुना मोजणीनें नापास व तोलानें पास! व्यापाऱ्यानें लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. हा भेद त्यास बहुधा ठाऊकच नसावा. स्नेह्यांनीं दोन्ही पुड्या परत पिशवींत टाकल्या आणि चहा न घेतांच ते निघाले.

आतां असें कां होतें तें पाहूं. भाताचा दाणा पाट्यावर टाकला म्हणजे तो कडेवर उभा राहात नाहीं. आपल्या रुंद अंगावर आडवा होतो. त्यामुळें वरून घेतलेल्या चित्रांत लांबी येते, रुंदी येते, जाडी येत नाहीं. आणि दाणा भरला किंवा भरला नाहीं यानें जो फरक पडतो तो मुख्यतः जाडींत व आंतल्या भरावांत पडतो; टरफलाची लांबी-रुंदी तर लोंबी निसवली तेव्हांच ठरून गेलेली असते. पळिंज दाण्याची सावली भरीव दाण्याइतकीच मोठी पडते. म्हणूनच आपले वाडवडील रास डोळ्यांनीं न निवडतां सुपानें वारा देऊन निवडीत आले. वारा सावलीकडे पाहात नाहीं, वजनाकडे पाहतो.

एका मध्यम दाण्याचा हिशेब करूं. लांबी 8 मि.मी., रुंदी 2.5 मि.मी. व जाडी 2 मि.मी. अशी समजा. दाणा दोहों टोकांस निमुळता, अंडाकृति धरला तर या तिन्ही मापांचा गुणाकार करून त्यास 0.5236 नें गुणलें म्हणजे घनफळ निघतें. गुणाकार 40 येतो, घनफळ 20.9 घन मि.मी. तितक्याच पाण्यापेक्षां दाणा 1.15 पट जड धरला तर वजन 24 मिलिग्रॅम, म्हणजे हजार दाण्यांचें 24 ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर भरीव दाण्यांचें जें वजन आम्हांस मिळालें त्याशीं हें जुळतें. येथवर सर्व ठीक. परंतु चित्रावरून काम करणाऱ्यास जाडी ठाऊक नाहीं, म्हणून त्यानें दाणा पेन्सिलीसारखा गोल समजून रुंदी तीच जाडी धरली, अशी कल्पना करा. गुणाकार 50 होतो, घनफळ 26.2 वर जातें, वजन 30 मिलिग्रॅम निघतें. मणाचा सव्वा मण झाला, आणि तो कोणाच्याहि कोठारांत न वाढतां केवळ कागदावर वाढला. आकसलेल्या दाण्याची गोष्ट याहूनहि विचित्र आहे. त्याचें खरें वजन 10 मिलिग्रॅम. पण त्याच्या सावलीवरून वजन काढलें तर तें भरीव दाण्याइतकेंच, 24 मिलिग्रॅम येईल. हलका दाणा चित्रांत अडीचपट जड दिसला म्हणजे नमुन्यांतील हलक्या मालाचा वांटाहि तितकाच फुगून दिसतो. स्नेह्यांचे 2 टक्के 5 झाले ते याच वाटेनें.

चांगल्या यंत्रांचे कर्ते हें जाणतात, व ते चित्रांतील क्षेत्रफळास एका ठराविक गुणकानें गुणून वजन काढतात. तें योग्यच आहे. मात्र तो गुणक कोणत्या वाणाचे दाणे तोलून ठरविला हें शेतकऱ्यास समजलें पाहिजे. आपल्याकडे झिनी आहे, कोलम आहे, जया आहे, रत्ना आहे, कर्जतच्या संशोधन केंद्रांतून आलेले वाण आहेत. झिनीचा बारीक दाणा व जयाचा जाड दाणा यांची रुंदी व जाडी एका प्रमाणांत नसते. एकाचा गुणक दुसऱ्यास लावणें म्हणजे एकाच्या पायाचें माप घेऊन दुसऱ्याचा जोडा शिवणें होय.

चित्र घेण्यांतहि ठेंच लागण्याच्या जागा आहेत. मापनपट्टी पाट्यावर आहे व भिंग 30 सें.मी. उंचीवर आहे असें समजा. दाण्यांचा थर जाड झाला आणि वरचा दाणा पट्टीपेक्षां 1 सें.मी. उंच राहिला, तर तो शेंकडा साडेतीन अधिक लांब दिसतो. साडेतीन म्हणजे विशेष नाहीं असें कोणी म्हणेल. पण क्षेत्रफळांत ती चूक 7 होते व घनफळांत शेंकडा सुमारें 11 होते, कारण चूक तिन्ही अंगांनीं गुणली जाते. म्हणून दाणे एकेरी, एकमेकांस न चिकटतील असे पसरावे, पट्टी त्याच पातळीवर ठेवावी व मोबाईल तिरपा धरूं नये. घाईच्या दिवशीं, मागें ट्रॅक्टरांची रांग लागलेली असतां, हें कोण पाळतो तें वाचकांनींच सांगावें.

दोन मापांवरून तिसरें काढण्याचा उद्योग आजचा नव्हे. भास्कराचार्यांनीं शके 1072, म्हणजे इ. स. 1150, या सुमारास रचलेल्या लीलावतींत राशिव्यवहार नांवाचें प्रकरण आहे. खळ्यावर धान्याची रास पडली आहे; तिच्या शेंड्यापासून तळापर्यंत दोरी कशी सोडणार? म्हणून आचार्यांनीं फक्त जमिनीवरचा परिघ मोजावयास सांगितला व उंची धान्याच्या जातीवरून ठरविली. जाड धान्य असेल तर परिघाचा दहावा हिस्सा, बारीक असेल तर अकरावा, आणि कुसळाचें असेल तर नववा. मग परिघाच्या सहाव्या हिश्शाचा वर्ग करून त्यास उंचीनें गुणावें. परिघ 60 हात असेल तर जाड धान्याची रास 600 घन हात येते, बारीक धान्याची सुमारें 545, आणि कुसळाच्या धान्याची सुमारें 667. हें उत्तर आजच्या शंकूच्या सूत्राशीं ताडून पाहिलें तर शेंकडा 5 च्या आंतबाहेर जास्त येतें, कारण येथें परिघ व्यासाच्या तिप्पट धरलेला आहे. याहून सूक्ष्म प्रमाण त्याच ग्रंथांत दिलें असतां खळ्यावरच्या हिशेबास आचार्यांनीं सोपें तेंच ठेवलें.

या नियमांतील मर्म आम्हांस असें दिसतें कीं, न दिसणारें माप त्यांनीं हवेंतून काढलें नाहीं. कुसळें एकमेकांत अडकतात म्हणून ती रास उभट राहते, तिचा उतार 35 अंशांच्या जवळ येतो. बारीक गुळगुळीत धान्य घसरतें, त्याचा उतार 30 अंशांवर बसतो. धान्याची जात ओळखून मगच आंकडा लावावयाचा. आणि राशीचें माप म्हणजे राशीचें वजन असेंहि त्यांनीं म्हटलेलें नाहीं. पायली व तराजू हीं दोन वेगळीं साधनें होतीं.

फ्रान्सांत 1847 सालीं देलेस नांवाच्या भूगर्भवेत्त्यानें दाखवून दिलें कीं, खडक कापून त्याच्या सपाट अंगावर एखाद्या खनिजानें जितका हिस्सा व्यापला असेल तितकाच हिस्सा तें खनिज सबंध खडकांत घनफळानें व्यापतें. हें ऐकून कोणी म्हणेल, मग चित्रावरून घनफळ कां काढूं नये? त्यास उत्तर इतकेंच कीं, देलेसाचें अंग कापलेलें होतें. कापलेल्या अंगावर पोटांतलें दिसतें. वरून घेतलेल्या फोटोंत केवळ कडा दिसते.

याखेरीज चौकटीच्या कडेचा एक दोष आहे, तो फारसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. चित्राच्या कांठावर कांहीं दाणे अर्धे आंत, अर्धे बाहेर असे येतात. असे सर्व दाणे सोडून दिले तर मोठे दाणे अधिक प्रमाणांत गळतात, कारण मोठा दाणा कांठास लागण्याचा संभव जास्त. सर्व धरले तर मोठे दाणे वाजवीपेक्षां अधिक येतात. उपाय सोपा आहे: वरच्या व उजव्या कांठास लागलेले दाणे धरावे, डाव्या व खालच्या कांठास लागलेले सोडावे. पीक कापणीच्या प्रयोगांत हाच दोष दुसऱ्या रूपानें आपल्या महाराष्ट्रांतील एका विद्वानानें उघडकीस आणला. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं 1911 सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं 1946 सालीं दाखविलें कीं, कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण दोरीच्या कडेवरचीं रोपें कापणारा सहसा आंतच ओढून घेतो. तुकडा लहान, म्हणून कडा जास्त, म्हणून चूक जास्त. मोबाईलचें चित्र हा तर तळहाताएवढा तुकडा आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत होतों, तेव्हां पैसेवारीचे तक्ते आमच्या हातून पुष्कळ गेले. 50 पैशांच्या वर कीं खालीं, एवढ्यावर एकेका गांवाची सवलत ठरावयाची. नजरअंदाज पैसेवारी म्हणजे नांवाप्रमाणेंच नजरेचा अंदाज. तो कांहीं वेळां सडकेवरून, बांधावर पाय न ठेवतांच, झालेला आम्हीं पाहिलेला आहे, आणि तो आंकडा सुवाच्य अक्षरांत उतरवून घेण्याचें काम आम्हींच केलेलें आहे. परतीच्या पावसानें लोंब्या काळ्या पडलेल्या असत, तुडतुड्यांनीं दाणा पोसूं दिलेला नसे, तरी सडकेवरून शेत पिवळें व दाट दिसे. अंदाज घेणारा अप्रामाणिक होता असेंहि नाहीं. त्यास शेताची लांबी-रुंदी दिसत होती, दाण्याची जाडी दिसत नव्हती. तेव्हां आम्हांस हें सुचलें नाहीं. सोनाराच्या काट्यासमोर बसलों असतां सुचलें, आणि बरें वाटलें नाहीं.

हें जुनें दुखणें उकरण्याचें कारण असें कीं, पीक विम्याच्या कामांत चित्रांचा शिरकाव झालेला आहे. 2023 च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेंत भात व गहू यांच्या उत्पादनाचा अंदाज करतांना उपग्रहादि साधनांनीं केलेल्या अंदाजास किमान 30 टक्के भार द्यावा असें ठरविण्यांत आलें. शेतांतून मोबाईलनें पिकांचीं छायाचित्रें गोळा करण्याचीहि योजना निघालेली आहे. रोग पडला, पीक लोळलें, पाण्याखालीं गेलें, हें छायाचित्र उत्तम दाखवितें, व त्यासाठीं तें अवश्य घ्यावें. पण उभ्या लोंबीचें वजन छायाचित्र सांगतें असें जो म्हणेल त्यानें ती लोंबी आमच्यासमोर तोलून दाखवावी. 70 टक्के कापणीवर व 30 टक्के चित्रावर, हा वांटा ठरविण्यांत शेतकऱ्याचा हात नसला तरी त्या 30 टक्क्यांचा मेळ कोणत्या काट्याशीं घातला, हें विचारण्याचा त्याचा हक्क कोठें गेलेला नाहीं.

आमचें म्हणणें चित्र टाकून द्या असें नाहीं. चित्रासोबत काटा ठेवा असें आहे. जेथें छायाचित्रावरून भाताची प्रतवारी होते तेथें त्याच नमुन्यांतील आकसलेले दाणे वेगळे काढून शेतकऱ्यादेखत तोलावे, आणि चित्राचा निकाल व तोलाचा निकाल असे दोन्ही आंकडे पावतीवर लिहावे. दोहोंत तफावत पडली तर तोल धरावा. यास दहा मिनिटें लागतात. 2025-26 च्या हंगामांत साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलास 2369 रुपये होती. 20 क्विंटल घेऊन आलेल्या मनुष्याचे 47 हजारांवर रुपये त्या तक्त्यावर टांगलेले असतात. त्यासाठीं दहा मिनिटें फार होत नाहींत. यंत्राच्या मालकानेंहि आपला गुणक कोणत्या वाणावर बसविला तें यंत्रावरच लिहून ठेवावें. आमच्या गिरणीवाल्यानें दळणाचा दर पाटीवर लिहिला आहे तसें.

ज्यांस घरीं प्रयोग करून पाहण्याची हौस आहे त्यांस एक युक्ति सांगतों. काळ्या कापडावर दाणा ठेवून त्याच्या शेजारीं लहान आरसा 45 अंशांत तिरका उभा करावा. वरून फोटो घेतला म्हणजे दाण्याची रुंदी प्रत्यक्ष दिसते व जाडी आरशांत दिसते. एकाच चित्रांत तिन्ही मापें मिळतात. शेजारीं मि.मी. ची पट्टी असावी. असे 25 दाणे मोजले कीं आपल्या वाणाची जाडी रुंदीच्या किती हिश्शानें आहे तें कळतें, व पुढें नुसत्या वरच्या चित्रावरूनहि अंदाज बरा येतो. आमच्या नातवानें हें अर्ध्या तासांत केलें. आमचा अर्धा तास आरसा उभा करण्यांतच गेला.

संस्थेच्या कार्यालयांत एक काटा, ग्रॅमच्या शंभराव्या हिश्शापर्यंत दाखविणारा, घ्यावा अशी सूचना आम्ही व्यवस्थापकांस लेखी दिली आहे व ती मान्य होईल असें दिसतें. येत्या मळणीनंतर ज्या सभासदांस आपल्या भाताचे हजार दाणे तोलून व चित्राशीं ताडून पाहावयाचे असतील त्यांनीं एकाच वाणाचा पाव किलोचा नमुना आणावा, पुडीवर वाणाचें नांव व खाचराची खूण लिहावी. नमुना उन्हांत चांगला वाळविलेला असावा. खरेदींत ओलाव्याची मर्यादा शेंकडा 17 आहे, आणि ओलावा तर चित्रास मुळींच दिसत नाहीं. ओल्या दाण्याचें वजन वाढतें व सर्व हिशेब बिघडतो. ओला नमुना आला तर तो ठेवून घेतां येणार नाहीं, वाळवून पुन्हां आणावा लागेल.